मॉड हाताने टाकायचा की मॅनेजरने? टाकण्याआधी काढायचं कसं ते बघा

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा धायरीहून फोन. "मामा, खिडकी आलीये. या नावाच्या १४३ फाइल्स आधीच आहेत, रिप्लेस करू का विचारतंय. करू?"

"थांब. आधी माउसवरचा हात काढ."

तो स्कायरिम या गेमच्या डेटा फोल्डरमध्ये चिलखतांचा एक मॉड (म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या, खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या फाइल्स) ओढून टाकत होता. हो म्हणाला असता तर त्या १४३ जुन्या फाइल्स गेल्या असत्या, आणि त्या आधीच्या कुठल्या मॉडच्या होत्या हे त्यालाही सांगता आलं नसतं. मला हे ठाऊक आहे, कारण काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत कोथरूडच्या घरी बसून मी तीन दिवसांत साठेक मॉड असेच ओढून टाकले होते. प्रत्येक वेळी डोळे मिटून 'रिप्लेस'. चौथ्या दिवशी व्हाइटरन शहराच्या दारातून आत शिरलं की गेम बंद पडायला लागला. कुठला मॉड नडतोय ते कळेना, आणि कळलं असतं तरी त्याच्या फाइल्स वेगळ्या काढता आल्या नसत्या. शेवटी सगळं पुसून बारा जीबीचा गेम पुन्हा उतरवला.

मॅनेजर (मॉड बसवणारा आणि काढणारा प्रोग्रॅम) बरा की हाताने बरं, यावर लोक हिरीरीने भांडतात. माझ्या लेखी प्रश्न एकच आहे: आज टाकलेला मॉड पुढच्या महिन्यात, बाकी कशाला धक्का न लावता, एकटा बाहेर काढता येईल का? येत असेल तर खुशाल हाताने टाका. नसेल तर मॅनेजर घ्या. खालचं सगळं विंडोज पीसीपुरतं आहे.

१. आधी गेमची ठेवण बघा

काही गेम मॉडना वेगळी खोली देतात. स्टारड्यू व्हॅलीत स्मापी नावाचा लोडर बसवला की गेमच्या फोल्डरमध्ये 'मॉड्स' फोल्डर तयार होतो, आणि प्रत्येक मॉड त्यात आपापल्या फोल्डरमध्ये राहतो. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत फॉर्ज किंवा फॅब्रिक बसवायचं, मग एकेक मॉड म्हणजे 'मॉड्स' फोल्डरमधली एकेक जार फाइल. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये डॉक्युमेंट्समधल्या 'मॉड' फोल्डरात फाइल ठेवायची. कुठला मॉड वर, कुठला खाली ते गेमच्या आतच ठरवता येतं. अशा गेममधून मॉड काढायचा म्हणजे त्याची फाइल किंवा फोल्डर उचलून बाहेर ठेवायचा. इथे हाताने टाकण्यात काहीच गैर नाही.

स्कायरिम आणि फॉलआउट ४ ची गोष्ट वेगळी. तिथे चित्रं, आकार, आवाज, स्क्रिप्ट (गेमने काय करायचं याच्या सूचना) सगळं एकाच डेटा फोल्डरच्या पोटात जातं. एका मॉडच्या फाइल्स पाच ठिकाणी पांगतात आणि दुसऱ्या मॉडच्या त्याच नावाच्या फाइल्सवर बसतात. नंतर त्या वेगळ्या करायच्या म्हणजे कालवलेल्या भेळेतून एका दुकानचे चुरमुरे निवडायचे.

काही गेम अधलेमधले असतात. विचर ३ मध्ये मॉडसाठी फोल्डर आहे, पण दोन मॉड एकाच स्क्रिप्टला हात लावत असतील तर स्क्रिप्ट मर्जर नावाचं वेगळं साधन लागतं. जीटीए ५ साठी ओपनआयव्ही या साधनातून 'मॉड्स' फोल्डर करून गेमच्या फाइल्सच्या नकलेवर काम करतात, मूळ फाइल्सना हात लावत नाहीत.

(मोबाइलवर बस सिम्युलेटर इंडोनेशियात लालपरी घालून फिरवणाऱ्या पोरांना यातलं काहीच लागत नाही. सुखी आहेत.)

२. काय काय लागेल

- गेमची विकत घेतलेली प्रत, आणि ती कुठून घेतली आहे याची खात्री. स्कायरिमचे बरेच मोठे मॉड एसकेएसई या स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर, म्हणजे गेमच्या स्क्रिप्टची ताकद वाढवणाऱ्या जोडप्रोग्रॅमवर, उभे असतात. तो स्टीम आणि जीओजी या ऑनलाइन दुकानांच्या प्रतींवर चालतो, दोन्हींसाठी फाइल वेगवेगळी. गेम पास आणि एपिकच्या प्रतींवर चालत नाही. हे मॉड निवडायच्या आधी बघा.
- नेक्सस मॉड्स या मॉड मिळण्याच्या साइटचं खातं. फुकटचं पुरतं, पण त्यात डाउनलोडचा वेग बांधलेला असतो. 'कलेक्शन' नावाचे तयार संच मिळतात. फुकट खात्यावर त्यातला प्रत्येक मॉड स्वतः क्लिक करून उतरवावा लागतो. दोनशे मॉडचा संच असेल तर चहाचं आधण ठेवूनच बसा.
- सेव्हन-झिप, म्हणजे दाबून बांधलेल्या फाइल्स उघडणारा प्रोग्रॅम. बरेच मॉड सेव्हन-झेड किंवा रार फाइलमध्ये येतात.
- एसएसडीवर मोकळी जागा. चित्रांचे मॉड भयंकर जागा खातात. मला शेवटी तपकीर गल्लीतून दुसरी एसएसडी आणावी लागली.
- सेव्हची (गेममध्ये साठवलेल्या प्रगतीची) नक्कल. स्कायरिमचे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये 'माय गेम्स'च्या आत असतात, स्टारड्यूचे अ‍ॅपडेटाच्या रोमिंग फोल्डरात. पेनड्राइव्हवर टाका आणि तारीख घाला.
- एक वही. खरीखुरी, कागदाची.

गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते अशा भागात राहत असाल आणि यूपीएस नसेल, तर मोठी कॉपी त्या दिवशी सुरू करू नका. अर्धवट कॉपी झालेली फाइल दिसते अगदी पूर्ण फाइलीसारखी.

३. गेम तयार करा

गेम सी ड्राइव्हच्या 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये असेल तर तिथून हलवा. त्या फोल्डरवर विंडोजचा पहारा असतो आणि लिहिण्याच्या परवानगीवरून नंतर नाही नाही ते घोळ होतात. स्टीममध्ये दुसऱ्या जागी लायब्ररी करून गेम तिकडे नेता येतो.

मग मॉड न टाकता गेम त्याच्या स्वतःच्या लाँचरवरून एकदा सुरू करा, नवा खेळ चालू होतोय ते बघा आणि बंद करा. सेटिंगच्या फाइल्स या पहिल्या खेपेलाच तयार होतात.

तिसरं म्हणजे अपडेट. ११ नोव्हेंबर २०२१ ला स्कायरिमची अ‍ॅनिव्हर्सरी आवृत्ती आली, तेव्हा गेमची मूळ फाइल १.५.९७ वरून १.६ वर गेली आणि एसकेएसईवर बेतलेले असंख्य मॉड एका रात्रीत बंद पडले. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'सुरू करेन तेव्हाच अपडेट कर' हा पर्याय निवडा. त्यानंतर मात्र मॉड घातलेला गेम स्टीमच्या प्ले बटणावरून सुरू करायचा नाही, कारण ते बटण आधी अपडेट ओढतं.

आपली आवृत्ती कुठली हे बघायला गेमच्या एक्सई फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. आकडा वहीत पहिल्या ओळीवर.

४. पहिला मॉड हातानेच टाका

पुढे मॅनेजरच वापरणार असलात तरीही. मॅनेजर पडद्यामागे काय करतो ते एकदा आपल्या हातून झालेलं असलं की तो अडतो तेव्हा भीती वाटत नाही.

स्टारड्यू व्हॅली यासाठी सोपा गेम आहे. स्मापीची झिप पूर्ण उघडा. झिपच्या आतूनच फाइलवर डबल क्लिक करू नका, निम्मे नवखे इथेच अडतात. उघडलेल्या फोल्डरमधली विंडोजची इन्स्टॉल फाइल चालवली की काळी खिडकी येते, गेम कुठे आहे ते शोधते आणि काम करून टाकते. मग मॉडची झिप उघडून आलेला फोल्डर 'मॉड्स'मध्ये ठेवा. आत 'मॅनिफेस्ट' नावाची जेसन फाइल दिसली पाहिजे.

आता गेम स्मापीतून सुरू करा आणि काळ्या खिडकीत येणारा मजकूर वाचा. खरंच वाचा. कुठला मॉड चालला नाही, का नाही, त्याला आणखी कुठला मॉड हवा होता, हे तिथे लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा कंटेंट पॅचर हा इतर मॉडना लागणारा मॉड राहिलेला असतो. एखादा मॉड तात्पुरता बंद करायचा असेल तर फोल्डरच्या नावाच्या सुरुवातीला एक टिंब द्या, स्मापी त्याच्याकडे बघत नाही. इतकं सरळ असताना स्टारड्यूसाठी मी कधीच मॅनेजर वापरला नाही.

५. मॅनेजर घ्यायचा तर कुठला

स्कायरिमसाठी दोन नावं ऐकाल: व्हॉर्टेक्स आणि मॉड ऑर्गनायझर २. पहिला नेक्ससचा स्वतःचा, दुसरा स्वतंत्र मुक्त प्रकल्प. गंमत म्हणजे मॉड ऑर्गनायझर मुळात ज्याने लिहिला, त्याच्याकडेच नेक्ससने पुढे व्हॉर्टेक्सचं काम दिलं. दोन्ही फुकट. दोघांची कामाची तऱ्हा मात्र पूर्ण वेगळी, आणि ती समजली की निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

व्हॉर्टेक्स मॉड एका वेगळ्या साठवणीच्या फोल्डरात ठेवतो आणि 'डिप्लॉय' केलं की गेमच्या फोल्डरात त्या फाइल्सच्या हार्डलिंक करतो. पेठांमधले जुने वाडे आठवा. एक दार या बोळात, दुसरं मागच्या बोळात, वाडा एकच. हार्डलिंक म्हणजे त्याच फाइलला दुसऱ्या बोळातून पाडलेलं दार. नक्कल होत नाही, म्हणून जागाही दुप्पट लागत नाही. यातूनच पहिला नियम येतो: साठवणीचा फोल्डर आणि गेम एकाच ड्राइव्हवर हवेत. नारायण पेठेतल्या वाड्याला हडपसरात दार पाडता येत नाही. ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीची हवी. एक्सफॅट केलेल्या बाहेरच्या डिस्कवर हार्डलिंक होतच नाही. 'पर्ज' दाबलं की गेमच्या बाजूची सगळी दारं बुजतात आणि गेम कोरा होतो. व्हॉर्टेक्स काढून टाकण्याआधी किंवा गेम दुसऱ्या ड्राइव्हवर नेण्याआधी पर्ज करायचंच. नाही केलं तर फाइल्स तिथेच पडून राहतात आणि त्यांना मालक उरत नाही.

मॉड ऑर्गनायझर गेमच्या फोल्डरला हातच लावत नाही. इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या शीटवर बटर पेपर ठेवून त्यावर पेन्सिल फिरवावी, तसं काहीसं. प्रत्येक मॉड म्हणजे एक बटर पेपर. गेम मॉड ऑर्गनायझरमधून सुरू केला की त्याला सगळे कागद एकावर एक ठेवलेले दिसतात. बंद केला की खाली मूळ शीट जशीच्या तशी. म्हणूनच नवख्यांची ठरलेली तक्रार: "मॉड टाकला, टिक केली, गेममध्ये काहीच नाही." डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून गेम उघडलेला असतो. त्या दाराने आलात तर बटर पेपर दिसणार नाहीत. लूट (मॉडचा क्रम लावणारं), एक्सएडिट (मॉडच्या आतली माहिती तपासणारं) ही जोडीची साधनंसुद्धा याच कारणाने मॉड ऑर्गनायझरच्या आतून चालवावी लागतात. आणि हा प्रोग्रॅम गेमच्या फोल्डरात बसवू नका, वेगळा फोल्डर करा.

माझा कौल? वीस-पंचवीस मॉड आणि दोन-तीन वेगवेगळे गेम असतील तर व्हॉर्टेक्स. त्याला कितीतरी गेम समजतात आणि तो फार प्रश्न विचारत नाही. एकटं स्कायरिम किंवा फॉलआउट ४, आणि मॉड शंभराच्या पुढे जाणार हे तुमचं तुम्हाला माहीत असेल, तर पहिल्या दिवसापासून मॉड ऑर्गनायझर. मधेच बदलायला गेलात तर अख्खा रविवार जातो. एकाच गेमवर दोन्ही कधीच चालवू नका.

६. मॅनेजर असूनही हाताने करायची कामं

एसकेएसईची लोडर फाइल (गेम सुरू करणारी) आणि तिच्या जोडीची डीएलएल गेमच्या मूळ फोल्डरात, म्हणजे एक्सई असते तिथे, हाताने ठेवायची. डेटाच्या आत नाही. त्याच्यासोबतचा स्क्रिप्ट्सचा फोल्डर मात्र मॅनेजरमधून मॉडसारखा बसवता येतो. ईएनबीसारख्या दृश्य बदलणाऱ्या साधनांच्या डीएलएलही मूळ फोल्डरातच जातात.

या हाताने ठेवलेल्या फाइल्सची नावं वहीत लिहा. मॅनेजर त्या तुमच्या वतीने काढणार नाही आणि स्टीमचं 'फाइल्स तपासा'ही काढणार नाही. ते गेमच्या स्वतःच्या फाइल्स दुरुस्त करतं, बाहेरून आलेल्या जादा फाइल्सना हात लावत नाही.

एसकेएसई बसलं का हे बघायला गेममध्ये टॅबच्या वरची टिल्डची की दाबा आणि 'गेटएसकेएसईव्हर्जन' इंग्रजीत, मधे जागा न सोडता टाइप करा. आकडा आला की झालं.

७. क्रम दोन असतात

इथे मी स्वतः वर्षभर गोंधळलेलो होतो, म्हणून सावकाश सांगतो.

पहिला क्रम फाइल्सचा. दोन मॉड एकाच भिंतीचं चित्र बदलत असतील तर एकाचंच दिसणार. मॉड ऑर्गनायझरच्या डाव्या यादीत जो खाली, तो जिंकतो. व्हॉर्टेक्समध्ये 'हा त्याच्यानंतर' असा नियम लावायचा.

दुसरा क्रम प्लगइनचा, म्हणजे गेमच्या आतली माहिती बदलणाऱ्या ईएसएम आणि ईएसपी फाइल्सचा. मॉड ऑर्गनायझरमध्ये ही उजवी यादी. दोन मॉड एकाच दुकानदाराची माहिती बदलत असतील तर नंतर येणाऱ्याचा शब्द शेवटचा. लूट हे साधन हा क्रम लावून देतं, व्हॉर्टेक्समध्ये ते आतच बसवलेलं आहे. पण लूट फाइल्सचा क्रम बघत नाही. "लूट चालवलं तरी जुनंच चित्र दिसतंय" म्हणणाऱ्याने डाव्या यादीकडे बघायचं असतं.

साध्या प्लगइनची मर्यादा गेमच्या स्वतःच्या धरून २५४ आहे. ईएसएल प्रकारच्या हलक्या प्लगइनची मोजणी वेगळी, म्हणून सुरुवातीला याची काळजी नको.

८. एक टाका, एकदा खेळा

एक मॉड, मग गेम उघडून दहा मिनिटं हिंडायचं, मग वहीत ओळ. माझ्या वहीतली एक ओळ अशी: "१७. स्काययूआय ५.२. एसकेएसई लागतं. मेनू बरोबर. ठीक." त्याखालची: "१८. पावसाचा मॉड. रिव्हरवुडला अडखळतं. काढला." बस, इतकंच. कंटाळवाणं आहे खरं, पण ५३ व्या मॉडला गेम पडतो तेव्हा संशयित एकच असतो.

मॉडच्या पानावर 'रिक्वायरमेंट्स'चा भाग असतो, तो उतरवण्याआधी वाचा. फोमॉड इन्स्टॉलर (काही मॉडसोबत येणारा, पर्याय विचारून बसवणारा) प्रश्न विचारायला लागला तर 'नेक्स्ट नेक्स्ट' करू नका. तुमच्याकडे नसलेल्या मॉडसाठीचा पॅच निवडलात तर गेम मेनूपर्यंतही पोचणार नाही.

९. इथे पाय घसरतो

जुन्या स्कायरिमचा मॉड नव्यात. नेक्ससवर २०११ चं स्कायरिम आणि २०१६ ची स्पेशल एडिशन यांचे विभाग वेगळे आहेत. गूगलवरून आलात तर बहुतेक जुन्याच विभागात उतरता. वरचं नाव बघा.

डेटाच्या आत डेटा. झिपमध्ये मॉडच्या नावाचा फोल्डर, त्यात 'डेटा' आणि त्यात खऱ्या फाइल्स. हाताने उचलून टाकलं की डेटा-डेटा असं होतं. गेम चूक दाखवत नाही, मॉड नुसता नसतो. मॉड ऑर्गनायझर अशा वेळी बसवतानाच टोकतो. मॅनेजर वापरण्याचं हे एक कारणही मला पुरेसं वाटतं.

जार आणि डीएलएल म्हणजे प्रोग्रॅम. जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज या मॉडच्या साइटवरच्या काही माइनक्राफ्ट मॉडमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचं मालवेअर निघालं होतं, ब्राउझरमधली लॉगिनची माहिती चोरणारं. मॅनेजर यापासून वाचवत नाही. कालच अपलोड झालेला, कुणी दोन शब्द न लिहिलेला मॉड आठवडाभर थांबून घेतला तर काही बिघडत नाही. टेलिग्रामवर आलेली झिप तर नकोच.

मॉड घालून ऑनलाइन. जीटीए ५ चे मॉड एकट्याने खेळायच्या कथेपुरते. ते घेऊन जीटीए ऑनलाइनमध्ये गेलात तर बॅन होण्याची तयारी ठेवा.

१०. काढताना

चित्रांचा किंवा आवाजाचा मॉड कधीही काढा. स्क्रिप्टवाला मॉड चालू खेळाच्या मधे काढू नका, त्याचे धागे सेव्ह फाइलमध्ये गुंतलेले राहतात. मॅनेजरमध्ये टिक काढणं सोपं असल्यामुळे ही चूक मॅनेजरवालेच जास्त करतात. काढायचाच असेल तर तो टाकण्याआधीचा सेव्ह उघडा. वहीत तारीख आहेच.

मोठं अपडेट आलं की घाई नको. स्टारड्यूचं १.६ मार्च २०२४ मध्ये आलं तेव्हा बऱ्याच मॉडना नव्या आवृत्त्या निघेपर्यंत थांबावं लागलं. तोवर मॉड बाजूला ठेवून नुसता गेम खेळता येतो, हे लोक विसरतात.

११. अडलात तर

विचारताना एवढं लिहा: गेमची आवृत्ती, कुठल्या दुकानची प्रत, एसकेएसई किंवा स्मापीची आवृत्ती, मॅनेजर कुठला, शेवटचा टाकलेला मॉड, आणि गेम नेमका कुठे पडतो. स्मापीचा लॉग (त्या काळ्या खिडकीतला मजकूर) असेल तर तोही जोडा.

भाच्याने त्या रात्री 'कॅन्सल' दाबलं आणि रविवारी मॉड ऑर्गनायझर बसवला. मंगळवारी निरोप आला, "मामा, चालत नाहीये." मी ही वरची यादी पाठवली. दहा मिनिटं 'टायपिंग' दिसत होतं. मग आलं: "गेम १.६.११७०, स्टीम. एसकेएसई त्याचंच. शेवटचा मॉड अ‍ॅड्रेस लायब्ररी, १.५.९७ चा." आणि लगेच खाली: "राहू दे, सापडलं."